सर, लॅपटॉप टाकू नका
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. पण सकाळी चहाच्या वेळी सरांनी विचारलं, "अरे, तुला कॉम्प्युटरमधलं कळतं ना? माझा लॅपटॉप सांगतोय, विंडोज 10 चा सपोर्ट संपला. दुकानदार म्हणतो नवा घ्या. काय करू?" आजूबाजूच्या चारपाच जणांनी लगेच माना डोलावल्या. म्हणून सरांना दिलेलं उत्तर सगळ्यांनाच सांगतो.

सपोर्ट संपला म्हणजे लॅपटॉप बंद पडला असं नाही. 14 ऑक्टोबर 2025 नंतर मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 ची नेहमीची मोफत दुरुस्ती थांबवली. मशीन उद्याही चालू होईल. पण सिस्टिममध्ये नवं भोक सापडलं, तर ते बुजवायला कोणी येणार नाही.

"माझ्या लॅपटॉपमध्ये चोरण्यासारखं आहे काय?" असं तुम्ही म्हणाल. न्हावा शेव्याच्या माणसांनी तरी हे म्हणू नये. जून 2017 आठवा. नॉटपेट्या नावाचा व्हायरस युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून सुटला आणि मर्स्क कंपनीच्या जगभरच्या यंत्रणेत शिरला. त्यात आपल्या बंदरातलं गेटवे टर्मिनलही ठप्प झालं. त्या व्हायरसला आपलं बंदर माहीतसुद्धा नव्हतं. त्याच्या पसरण्याच्या वाटांपैकी एका वाटेवर मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दुरुस्ती दिली होती. जिथे ती बसवली नव्हती, तिथे दार उघडंच होतं. एकदा आत शिरल्यावर मात्र तो पासवर्ड चोरून दुरुस्त मशीनवरही जात होता. मर्स्कला दहा दिवसांत 45,000 कॉम्प्युटर नव्याने उभे करावे लागले, असं त्यांच्या अध्यक्षांनी पुढे जाहीरपणे सांगितलं. त्यांचा एक महत्त्वाचा सर्व्हर वाचला तो घानामध्ये. कारण काय, तर तिथली वीज गेली होती आणि तो नेटवर्कपासून तुटला होता! आपण लोडशेडिंगला उगाच शिव्या घालतो.

तेव्हा दोन गोष्टी लक्षात ठेवा. दुरुस्ती वेळेवर बसवायची, आणि एक प्रत मशीनपासून वेगळी ठेवायची.

आता माझं सांगतो. माझा लॅपटॉप 2016 चा. सहाव्या पिढीचा आय-थ्री, 4 जीबी रॅम. विंडोज 11 ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम 2.0 लागतं, त्यामुळे माझा लॅपटॉप नापास. पण त्यात आईने जपलेले जुन्या शेव्याचे फोटो होते. बंदरासाठी ते गाव उठलं आणि नवीन शेवा वसलं, हे तुम्हाला मी सांगायला नको. माझं आजोळ त्यातच गेलं. मामाच्या घराचा ओटा, होड्या, हळदीच्या दिवशीचा मांडव, सगळं त्या फोटोंत. मूळ अल्बम पावसाळ्यात ओल येऊन गेला. राहिल्या त्या स्कॅन केलेल्या प्रती, आणि त्याही एकाच ठिकाणी.

मी फोटो पेनड्राइव्हवर कॉपी केले आणि कामाला लागणार होतो. सहज एक फोल्डर उघडून पाहिला, तर रिकामा. कॉपी अर्धीच झाली होती. तेव्हाच जुनी सिस्टिम पुसली असती, तर आजोळ दुसऱ्यांदा गेलं असतं. अंगावर काटा आला. मग दोन प्रती केल्या, फोटो उघडून तपासले, आणि एक प्रत ताईकडे ठेवायला दिली.

त्यानंतर जुनी हार्ड डिस्क काढून तिथे एसएसडी बसवली आणि रॅम 8 जीबी केली. जुनी डिस्क पुसली नाही, कपाटात ठेवली. तीच तिसरी प्रत. नव्या डिस्कवर लिनक्स मिंट टाकलं. ते मोफत आहे. पेनड्राइव्हवरून आधी नुसतं चालवून बघता येतं. वायफाय, आवाज, प्रिंटर, मराठी टायपिंग चालतंय याची खात्री झाली, मगच बसवलं. चार्जर लावूनच काम करा. मध्येच बॅटरी संपली तर पंचाईत. आता लॅपटॉप चहा उकळायच्या आत सुरू होतो.

सगळ्यांनी हेच करावं असं नाही. टॅली वापरणाऱ्यांनी थांबावं, ते लिनक्सवर सरळ चालत नाही. ज्यांचा लॅपटॉप विंडोज 11 च्या अटींत बसतो, त्यांनी तेच घ्यावं, पैसे पडत नाहीत. अपडेटच्या पानावरच कळतं. ज्यांना इतक्यात काही बदलायचं नाही, त्यांनी त्याच पानावर जादा सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी करावी. घरच्या वापराला 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत मुदत मिळते.

सर, तुमचा लॅपटॉप मी रविवारी येऊन बघतो. त्यात आपल्या सहलींचे आणि गॅदरिंगचे फोटो आहेत म्हणालात. आधी त्यांच्या दोन प्रती करू, एक शाळेत ठेवू. सिस्टिमचं मग निवांत बघू. बाकीच्यांनीही आज घरी गेल्यावर एवढं एकच काम करा.