मधुमेहाची मोजणी आणि मालकी



ऑस्ट्रेलियातील आदिवासी म्हटला की वाळवंटातील वस्ती डोळ्यांपुढे येते. वस्तुतः आज त्यांच्यापैकी बहुसंख्य लोक शहरांत व गावांत राहतात. तरीही त्यांच्या मधुमेहाचा अभ्यास दीर्घकाळ मुख्यतः दूरस्थ वस्त्यांतच झाला. शहरी आदिवासी सरासरीच्या आकड्यांत लुप्त झाला. २००३ ते २००५ या काळात मेन्झीस संशोधन संस्थेने डार्विन परिसरात १५ वर्षांवरील हजाराहून अधिक आदिवासींची पाहणी केली, तेव्हा ही उणीव काही अंशी भरून निघाली.

या रोगाचे खापर वंशावर फोडणे सोयीचे असते. परंतु १९८२ साली केरिन ओ'डे यांच्या अभ्यासात डर्बीजवळचे १० मधुमेही आदिवासी ७ आठवडे आपल्या मूळ भूमीवर शिकार व कंदमुळांवर राहिले. त्यांचे वजन सरासरी ८ किलोंनी घटले, रक्तातील साखर लक्षणीय उतरली. वंश तोच होता. अन्न आणि श्रम बदलले होते.

ज्यांची भूमी हिरावली, ज्यांना मजुरीऐवजी पीठ, साखर व चहाचा शिधा दिला, त्यांच्या वंशजांना केवळ पथ्याचा उपदेश करणे ही क्रूर थट्टा होय. शहरवासीयाला शिकारीकडे परतता येत नाही. त्याचा प्रश्न रोजगाराचा, घरभाड्याचा व ताज्या अन्नाच्या किमतीचा आहे.

१९७१ मध्ये सिडनीच्या रेडफर्न भागात आदिवासींनी स्वतःची आरोग्यसेवा उभारली. पाहणीचे प्रश्न ठरविण्याचा आणि निष्कर्ष वापरण्याचा अधिकारही ज्यांचे रक्त तपासले त्यांच्याच हाती असला पाहिजे. एरवी मोजणी होईल, मुक्ती होणार नाही.