चांगला कोंबडा घरी ठेवा

(येरमाळा येथे प्रौढ वर्गातील स्त्री-पुरुषांपुढे केलेले भाषण)



आज आपण कोंबड्यांविषयी बोलू. तुम्ही म्हणाल, "त्यात काय सांगायचं? कोंबड्या तर आमच्या आजीच्या आजीपासून दारात आहेत." खरं आहे. कोंबडी कशी पाळावी, हे तुम्हांला ठाऊक आहे. पण कोंबडीचा वाण कसा राखावा, याचा विचार आपण फारसा करत नाही. तेवढंच आज बोलू. मोठी शेड, पिंजरे, कर्ज यांची गोष्ट नाही. परसात एक खुराडं, आठ-दहा कोंबड्या, एक कोंबडा आणि पाळणाऱ्याची हौस, एवढ्यापुरतीच ही गोष्ट आहे.

हौसेने वाण घडतो

बैलाची हौस आपल्याला नवी नाही. पोळ्याला आपण बैलाची शिंगं रंगवतो, अंगावर झूल घालतो, वाजतगाजत मिरवतो. मरतुकडा बैल मिरवायला माणसाला लाज वाटते. म्हणून तो वर्षभर बैलाला जपतो. चांगल्या गाईला चांगलाच वळू शोधतो. अशा हौशी शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवड केली, म्हणून आपल्या मराठवाड्यात देवणी झाली, लाल कंधारी झाली. त्या जनावरांना नाव आहे, मान आहे. कोंबडीला मात्र आपण नुसतं "गावरान" म्हणतो आणि मोकळे होतो.

कोंबडीचीही अशी हौस करणारे लोक जगात आहेत. इंडोनेशिया देशात जावा नावाचं बेट आहे. तिथल्या एका बंदराला युरोपातले व्यापारी बँटम म्हणत. त्या बंदराच्या नावावरून लहान चणीच्या कोंबड्यांना बँटम हे नाव पडलं. यातल्या पुष्कळ कोंबड्या किलोभरसुद्धा भरत नाहीत. मांसासाठी त्यांना कोणी पाळत नाही. रूप बघावं, पिल्लं काढावीत, प्रदर्शनात मांडावीत, यासाठी पाळतात.

सुमारे दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडात सर जॉन सेब्राइट नावाचे गृहस्थ होते. त्यांना एक छोटी कोंबडी घडवायची होती. तिचं प्रत्येक पीस सोनेरी किंवा रुपेरी हवं, आणि प्रत्येक पिसाला काळी किनार हवी. इरकली लुगड्याला काठ असतो ना, तशी. ते वर्षानुवर्षं निवड करत राहिले. मनासारखं पिल्लू ठेवायचं, बाकीची बाजूला काढायची. शेवटी तशी कोंबडी झाली. आजही तिला सेब्राइट बँटम म्हणतात. ही जादू नव्हे. ही निवड आहे.

त्याच देशात पूर्वी कोंबड्यांच्या झुंजी लावत. १८३५ साली कायद्याने झुंजी बंद झाल्या. मग १८४५ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात कोंबड्यांचं मोठं प्रदर्शन भरलं. रक्त काढण्याची हौस गेली, रूप पाहण्याची हौस वाढली. आपल्या देशातही पशुपक्ष्यांची झुंज लावणं हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. हौस करावी, पण ती पक्ष्याच्या जिवावर नसावी.

आपण बियाणं खातो

आता आपल्या घरात काय होतं ते बघा. वर्षाला पाच-सात नर वाढतात. त्यांतला एक उंच, भरदार, तांबड्या तुऱ्याचा. त्याच्यावर सगळ्यांची नजर. पाहुणा आला की तोच धरायचा. जत्रा आली की तोच कापायचा. व्यापारी आला की तोच आधी मागतो, दोन पैसे जास्त देतो. मागे काय राहतं? किरकोळ, बारक्या अंगाचा, जो कोणी घेतला नाही तो. आणि पुढची सगळी पिल्लं त्याची.

ज्वारीच्या बाबतीत आपण असं करतो का? नाही. बियाण्यासाठी आधी भरदार कणसं बाजूला काढतो, उरलेली खातो. कोंबड्याच्या बाबतीत मात्र आपण बियाणं खातो आणि पोचट दाणा पेरतो. दहा वर्षं असं केलं, तर कोंबडी लहान होईल, अंडी कमी होतील. मग आपण म्हणू, "पूर्वीची कोंबडी राहिली नाही." कशी राहणार? आपणच ती खाल्ली.

एका कोंबड्यामागे आठ-दहा कोंबड्या असतात. कोंबडी आपला गुण आपल्याच पिल्लांना देते. कोंबडा आपला गुण सगळ्या पिल्लांना देतो. म्हणून एक कोंबडा नीट निवडला, तर निम्मं काम झालं.

निवड कशी करावी

नर तीन महिन्यांचे झाले की पहिली निवड करा. दोन-तीन चांगले ठेवा. सहा महिन्यांनी त्यांतला एक पक्का करा. डोळे चमकदार हवेत. तुरा तांबडा हवा. पाय सरळ, चाल ताठ, पिसं अंगाशी बसलेली हवीत. जो कधी आजारी पडला नाही, तो आधी बघा.

पण रूपावर सगळं ठरत नाही. कोंबडा काही अंडी देत नाही. मग त्याच्या अंगात अंड्यांचा गुण आहे, हे कसं कळावं? ते त्याच्या आईवरून कळतं. आईने किती अंडी दिली? किती पिल्लं काढली? किती जगवली? हे लक्षात राहत नाही. लिहावं लागतं. आणि तुम्ही आता लिहिता! एक साधी वही करा. तिच्यात असं लिहा:

काळी कोंबडी. १० जानेवारीला बसवली. अंडी १२. ३१ जानेवारीला पिल्लं १०. दोन महिन्यांनी जगली ८.

तांबडी कोंबडी. त्याच दिवशी बसवली. अंडी १२. पिल्लं ६. जगली २.

वर्षाअखेर वही उघडा. कोणत्या कोंबडीचा नर ठेवायचा, ते वहीच सांगेल. पिल्लं एकमेकांत मिसळू नयेत म्हणून पायात रंगीत दोरा बांधा. काळीच्या पिल्लांना लाल, तांबडीच्या पिल्लांना पिवळा. पाय वाढतो, तसा दोरा सैल करत जा. नाहीतर तो रुतेल.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, घरचाच नर आईबहिणींत पिढ्यान्‌पिढ्या ठेवू नका. त्याने वाण कमजोर होतो, अंडी कमी उबतात. दोन-एक वर्षांनी दुसऱ्या गावच्या हौशी माणसाशी कोंबडा बदला. नवा पक्षी आणला की तीन आठवडे वेगळा डालून ठेवा. दुसरी गोष्ट, कोंबडा बदलल्यावर लगेच अंडी उबवायला ठेवू नका. जुन्या कोंबड्याचा अंश कोंबडीच्या पोटात दोन आठवडे, कधी त्याहून जास्त टिकतो. तीन आठवडे थांबा, म्हणजे पिल्लं नक्की नव्या कोंबड्याची.

आणखी एक सांगतो. उघड्या मानेची कोंबडी काही जण कुरूप म्हणून काढून टाकतात. असं करू नका. तिच्या अंगावर पिसं कमी असतात, म्हणून तिला उन्हाचा ताप कमी होतो. आपल्याकडचा उन्हाळा तुम्हांला ठाऊक आहे. दिसण्यात उणी असली तरी कामात ती पुढे असते.

परदेशी पांढरी लेगहॉर्न वर्षाला गावरानपेक्षा कितीतरी जास्त अंडी देते, पण ती सहसा खुडूक बसत नाही. गिरिराजा, वनराजा या परसासाठी तयार केलेल्या जाती आहेत. त्या हव्या तर जरूर पाळा. पण त्यांची पिल्लं आईबापांसारखी निघतील, असा भरवसा नसतो. झाबुआचा काळ्या मांसाचा कडकनाथ बघा. त्याला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिथल्या लोकांनी तो वाण राखला, म्हणून मिळालं.

अंडी आणि पिल्लं

उबवायला आठवड्याच्या आतली अंडी घ्या. उन्हाळ्यात चार-पाच दिवसांच्या आतली घ्या. निमुळतं टोक खाली ठेवा. एका कोंबडीखाली दहा-बारा अंडी पुरे. सातव्या रात्री अंधारात अंड्यामागे बॅटरी धरा. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा दिसल्या, तर जीव धरला. काहीच दिसलं नाही, तर ते अंडं काढून घ्या. एकवीस दिवसांनी पिल्लं येतात.

पिल्लांना ज्वारीची बारीक कणी द्या, स्वच्छ पाणी द्या. घार आणि मुंगूस यांच्यापासून जपा. खुराडं कोरडं ठेवा. एका कोपऱ्यात राख-माती ठेवा. कोंबड्या तिच्यात लोळतात आणि अंगावरच्या उवा झडतात.

चैत्री यात्रेत येडेश्वरीची पालखी आमराईत जाते आणि लोक चुनखडी वेचतात, हे तुम्हां येरमाळकरांना मी काय सांगावं? अंड्याचं कवच मुख्यतः त्याच द्रव्याचं बनलेलं असतं. ती वेचलेली चुनखडी देवीची, तिला हात नको. पण शेतात, ओढ्याला चुनखडीचे खडे सापडतात. ते बारीक कुटून अंड्यावरच्या कोंबड्यांपुढे ठेवा. कवच पातळ पडणार नाही.

मानमोडी

तुम्ही दहा वर्षं वाण राखाल आणि चार दिवसांत खुराडं रिकामं होईल. असं करणारा रोग म्हणजे मानमोडी. हिरवी-पांढरी हगवण, धाप, आणि मग मान वाकडी होते. १९२७ साली हा रोग कुमाऊंतल्या राणीखेत इथे ओळखला गेला, म्हणून त्याला राणीखेत असंही म्हणतात. रोग झाल्यावर औषध नाही. आधी लस हाच उपाय.

पिल्लू पाच-सात दिवसांचं झालं की लासोटा लशीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात टाकतात. दोनेक महिन्यांनी सुईची लस देतात. मधली आणि पुढची लस केव्हा, तसंच देवीची लस केव्हा, ते जनावरांच्या दवाखान्यात विचारून वहीत लिहा.

इथे एक अडचण येते. लशीची एक कुपी पुष्कळ पक्ष्यांची असते. ती थंड ठेवावी लागते, आणि एकदा कालवली की थोड्याच वेळात संपवावी लागते. दहा कोंबड्यांसाठी कोण कुपी आणणार? म्हणून लोक लस टाळतात. यावर उपाय सोपा आहे. गल्लीतल्या दहा-पंधरा घरांनी एक दिवस ठरवावा. एकाने बर्फात घालून कुपी आणावी आणि सगळ्यांच्या कोंबड्यांना एकाच दिवशी लस द्यावी. रोग काही कुंपण बघून येत नाही. शेजारणीची कोंबडी वाचली, तरच आपली वाचेल.

एकदम पुष्कळ कोंबड्या मेल्या, तर त्या खाऊ नका, विकू नका, उघड्यावर टाकू नका. हात न लावता आधी दवाखान्यात कळवा. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला. २०२१ साली आपल्या मराठवाड्यात परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यालाही आला. लपवण्यात शहाणपण नाही.

प्रदर्शन

नांदेड जिल्ह्यात माळेगावला खंडोबाची मोठी यात्रा भरते. घोड्यांसाठी ती प्रसिद्ध आहे. तिथे कोंबड्यांचंही प्रदर्शन भरवलं गेलं आहे. अशा ठिकाणी पक्षी न्यायचा, तर महिनाभर आधी तयारी करा. रोज त्याला हातात घ्या, म्हणजे तो माणसाला बुजणार नाही. दोन-तीन दिवस आधी कोमट पाण्याने धुवा आणि उन्हात वाळवा. पाय पुसून तेलाचं बोट लावा. पिसं रंगवू नका. पारखी माणूस हसेल. परत आल्यावर त्या पक्ष्यालाही तीन आठवडे वेगळा ठेवा.

बक्षीस मिळो, न मिळो. तिथे दुसऱ्यांचे पक्षी बघून आपला डोळा तयार होतो. अदलाबदलीला चांगला कोंबडा कुठे आहे, ते कळतं.

शेवटचं सांगणं

कोंबडीचा पैसा बहुधा बाईच्या हातात असतो. पोराची वही, दवाखान्याची चिठ्ठी, सणाचं तेल त्यातून येतं. पण पुष्कळ घरांत कोंबडा वाढवते बाई, आणि पाहुणा आला की तो धरतात दुसरेच. तिला विचारायचीही रीत नसते. भावांनो, एवढं ठरवा. ज्या कोंबड्याच्या पायात वाणाचा दोरा आहे, त्याला घरच्या बाईला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. पाहुण्याला दुसरा कोंबडा चालतो. मटणाचा रस्सा तर त्याहून आवडतो!

बायांनो, आज घरी गेल्यावर खुराड्यात बघा. सर्वांत चांगला नर कोणता, ते ठरवा. त्याच्या पायात दोरा बांधा. वहीच्या पहिल्या पानावर आजची तारीख घाला आणि त्याच्या आईचं नाव लिहा. काळी, तांबडी, कवडी, जे असेल ते. वाणाची सुरुवात त्या एका ओळीपासून होते.