युद्ध तिकडचं, माणसं इकडची

साताऱ्याजवळ अपशिंगे नावाचं गाव आहे. लोक त्याला 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जवान कामी आले. या गावाचं आणि युरोपचं भांडण तरी काय होतं?

काहीच नव्हतं. २८ जून १९१४ रोजी साराजेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला. महिन्याभरात ऑस्ट्रियानं सर्बियावर युद्ध पुकारलं. सर्बियाच्या पाठीशी रशिया उभा राहिला, ऑस्ट्रियाच्या पाठीशी जर्मनी. मग फ्रान्स ओढला गेला. बेल्जियमवर चाल झाली तेव्हा ब्रिटन उतरलं. खून हे निमित्त. वसाहती, बाजारपेठा आणि आरमार यांची चढाओढ आधीपासून धुमसत होती. ब्रिटन उतरलं म्हणून हिंदुस्थानही न विचारता उतरवला गेला. १३ लाखांवर माणसं गेली, सुमारे ७४ हजार परतली नाहीत.

इतिहासाच्या पुस्तकात युद्धाची कारणं वाचताना माण, खटाव, जत ही नावं सापडत नाहीत. पण इथल्या घरांतलं कारण तिथंच आहे. लढाऊ परंपरा होतीच, शिवाय पाऊस भरवशाचा नव्हता आणि पलटणीचा पगार भरवशाचा होता.

त्या काळी मराठा पलटणींत दखनी मुसलमानांच्याही कंपन्या असत. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, या पलटणी तुर्कांशी लढल्या. तुर्कस्तानचा सुलतान तेव्हा खलिफा मानला जाई. माझ्यासारखा मराठी मुसलमान इथं जरा थबकतो. ईमान एकीकडे, खाल्ल्या मिठाची जाण दुसरीकडे, आणि हुकूम तिसऱ्याचाच! कुतच्या वेढ्यात अन्न संपलं आणि २९ एप्रिल १९१६ रोजी फौज शरण गेली. पुढं कैदेत कितीतरी जण मेले. युद्ध संपल्यावर १९१९ मध्ये देशाला बक्षीस काय मिळालं? रौलट कायदा.

३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी पुन्हा न विचारता देशाला युद्धात ढकललं. मराठा पलटणी आफ्रिकेत, इटलीत लढल्या. मात्र या वेळी जिल्हा गप्प बसला नाही. ९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूजच्या मोर्चावर गोळीबार झाला, परशुराम घार्गे यांच्यासह नऊजण हुतात्मा झाले. पुढच्या वर्षी क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभं राहिलं. कुंडल हे त्याचं मोठं केंद्र. आज ते सांगली जिल्ह्यात आहे, तेव्हा औंध संस्थानात होतं. एकाच मुलखाची पोरं सरकारच्या फौजेत होती आणि सरकारच्या विरोधातही.

यातला कोणता शूर, हा वाद मला निरर्थक वाटतो. शिक्षकांना एवढंच सांगेन की, मुलांची सहल नेलीत तर अपशिंगे आणि वडूज दोन्ही दाखवा. 'यांना लढायला कुणी सांगितलं?' हा प्रश्न दोन्हीकडे विचारा. उत्तरं वेगळी येतील. मुलांना ती शोधू द्या.