बसभाड्यावाचून अडलेले उपचार

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजारी आणि अपंग बायकांना मिळणाऱ्या किरकोळ आर्थिक मदतीबद्दल मी बोलावं असं मला सांगितलं आहे. ‘किरकोळ’ हा शब्द देणाऱ्याचा आहे. वेळेवर मिळालेल्या दोन हजारांमुळे जिचे उपचार पुरे झाले, ती त्यांना किरकोळ म्हणणार नाही.

मोठ्या खर्चाची थोडीफार सोय आता झाली आहे. २०१२ साली राज्यात राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली. २०१७ मध्ये तिला महात्मा फुल्यांचं नाव दिलं गेलं आणि २०२३ मध्ये ती सगळ्या कुटुंबांना लागू करायचं सरकारनं ठरवलं. यादीतले उपचार, यादीतल्या रुग्णालयात, रोख पैसे न भरता. चांगलंच आहे. पण योजना बाईला रुग्णालयापर्यंत आणून सोडत नाही. कर्करोगावर विकिरण घ्यायचं तर आठवड्यातले पाच दिवस, काही आठवडे रोज जावं लागतं. खेड्यातून आलेली बाई तेवढे दिवस राहणार कुठे? सोबतीला आलेल्या बहिणीचा रोज बुडतो, तो कोण भरून देणार? दादरच्या गाडगे महाराजांच्या नावाच्या धर्मशाळेत टाटा रुग्णालयाचे रुग्ण आणि नातेवाईक का राहतात, ते यावरून कळावं. औषध फुकट असूनही माणसं उपचार अर्धवट टाकतात, ती अशा वरखर्चापायी.

यात बाईचं म्हणून काही वेगळं आहे का? आहे. नवरा आजारी पडला तर डोरलं गहाण पडतं. बायको आजारी पडली तर ‘सुगी होऊ दे, मग बघू’ असं ऐकू येतं. घरात पैसा अजिबात नसतो असं नाही. तो तिच्यासाठी नसतो. म्हणून बाहेरून आलेलं बसभाडंसुद्धा मोठं काम करतं. ‘पैसे नाहीत’ ही सबब संपते आणि मग घरच्यांना खरं कारण बोलावं लागतं.

अपंग बायकांकडे पाहा. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या, त्यांत बायका १ कोटी १८ लाख. पुरुष दीड कोटी. आतल्या खोलीत ठेवलेली मुलगी मोजणाऱ्यापर्यंत पोचली का, असा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे. साधनं देणाऱ्या योजना आहेत. १९७५ साली जयपूरला स्थापन झालेली भगवान महावीर विकलांग सहायता समिती कृत्रिम पाय मोफत बसवते. पण शिबिरापर्यंत कुणीतरी न्यावं लागतं. श्रवणयंत्र मिळालं तरी त्याचे सेल संपतात, कुबडीचं रबर झिजतं, चाकाच्या खुर्चीचं चाक निखळतं. शंभर-दोनशे रुपयांची ही कामं. ती झाली नाहीत, तर हजारोंची वस्तू माळ्यावर जाते आणि बाई पुन्हा उंबऱ्याच्या आत.

आता पैसे येतात कुणाच्या हातात, ते पाहू. क्षयरुग्णांना पोषणासाठी २०१८ पासून महिना ५०० रुपये आणि नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये बँकेत जमा करायची केंद्राची योजना आहे. पण खातं कुणाचं? पासबुक कुणाच्या खिशात? बाईच्या नावानं आलेल्या पैशातून तिच्या ताटात अंडं पडलं का, हे विचारणारं कुणी नसेल तर मदत कागदावर पोचते, पोटात नाही.

‘दया नको, हक्क हवा’ ही आपली घोषणा आहे आणि ती बरोबर आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानं अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले, ते मागणी केल्यामुळे. धर्मादाय रुग्णालयांचंही तसंच. मुंबई उच्च न्यायालयानं २००६ साली मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे या रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या असतात. त्यासाठी बिलांच्या २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत टाकायची असते. हे उपकार नाहीत. सार्वजनिक न्यास म्हणून मिळणाऱ्या सवलतींच्या बदल्यात ते त्यांचं देणं आहे. रुग्णालयातल्या समाजसेवकाला भेटा, लेखी अर्ज द्या, पोच घ्या. नकार मिळाला तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार करा.

मग आपण छोटा निधी कशाला काढायचा? कारण हक्काचा अर्ज मंजूर व्हायला वेळ लागतो, आणि गाठ तोवर वाढायची थांबत नाही. निधी आणि हक्क यांत भांडण लावायचं कारण नाही. पैसे हातात देतानाच तिच्याबरोबर बसून सरकारी अर्ज भरावा. नाहीतर आपण सरकारचं काम स्वस्तात करून देऊ आणि वर्षभरात आपली पेटी रिकामी होईल.

आपल्या प्रस्तावित निधीच्या अर्जाचा मसुदा तुमच्यापुढे आहे. त्यात ‘कुटुंबप्रमुखाची सही’ असा रकाना आहे. तो काढून टाकावा, अशी माझी सूचना आहे. दवाखान्यात जाऊ न देणाऱ्याचीच सही आणायला आपण बाईला पाठवणार का? परित्यक्ता, विधवा, एकट्या बाईनं ती कुणाची आणायची? कागद दवाखान्याचा पुरे. ‘वर्तणुकीचा दाखला’ही नको, आजाराला वर्तणूक लागत नाही. पैसे देताना फोटो नको, आणि कशासाठी हवेत ते तिला ठरवू द्या. कुणी औषधाऐवजी लेकराच्या सांभाळाचे पैसे मागेल. ते द्यावेत, लेकरू सांभाळायला कुणी असलं तरच ती उपचाराला जाईल.

एक अडचण मात्र उरतेच. अर्ज पाच आणि पैसे दोघींपुरते, असे दिवस येतील. तेव्हा ओळखीची कोण, आपल्या जातीची कोण, मोर्चाला कोण आली होती, हे बघायचं नाही. उशीर झाला तर कुणाचं नुकसान भरून येणार नाही, एवढंच बघायचं. निर्णय तिघींनी मिळून घ्यायचा, कारण वहीत लिहायचं आणि नाही म्हटलेल्या बाईला ते तोंडावर सांगायचं.

शिबिर संपायच्या आत प्रत्येक तालुक्यानं आपल्याकडच्या धर्मादाय रुग्णालयांची यादी करायला घ्यावी. आणि तो रकाना आजच खोडावा.