चांगले करीत राहताना
(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत केलेले भाषण)



मिरजेची ख्याती वैद्यकीय नगरी म्हणून सर्वदूर आहे. या ख्यातीच्या मुळाशी डॉ. विल्यम वानलेस यांचे नाव आहे. 1865 साली कॅनडात जन्मलेले हे प्रेस्बिटेरियन मिशनरी डॉक्टर 1889 मध्ये या भागात आले आणि 1894 मध्ये त्यांचे रुग्णालय मिरजेत उभे राहिले. रेल्वेचे जंक्शन असल्याने मराठी मुलखातून आणि कानडी मुलखातूनही रुग्ण येत. 1928 मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला. 1933 मध्ये ते निवर्तले. त्यांच्या शस्त्रक्रियांच्या कथा वडीलधाऱ्यांकडून आपण ऐकल्याच आहेत. आम्हांस मात्र त्या शस्त्रक्रियांपेक्षा 1889 ते 1928 या दोन सालांमधले अंतर अधिक मोठे वाटते.

वानलेसवाडीचे क्षयरोग आरोग्यधाम आठवावे. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध 1943 चा. त्यापूर्वी क्षयावर खात्रीचे औषध नव्हते. मोकळी हवा, सकस आहार, पूर्ण विश्रांती आणि महिनोन्महिने शुश्रूषा, एवढेच हाती होते. कित्येक रुग्ण बरे होत नसत. तरीही दुसऱ्या दिवशी अंथरूण झाडावे लागे, दूध तापवावे लागे, थुंकीची भांडी स्वच्छ करावी लागत. हे काम ज्यांनी केले त्यांच्या नावाच्या पाट्या कोठे नाहीत.

संत पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात सत्कर्माचा कंटाळा येऊ देऊ नका, असे विश्वासणाऱ्यांना विनविले आहे. कंटाळा येतो हे त्याला ठाऊक होते, म्हणूनच त्याने लिहिले असावे. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यातही आपण बहुधा रस्त्यावरचा प्रसंग तेवढा स्मरतो: जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या. पुढचा भाग आम्हां रुग्णालयातील सेवकांच्या अधिक परिचयाचा आहे. दुसऱ्या दिवशी त्याने उतारशाळेच्या मालकास दोन दिनार दिले आणि अधिक खर्च झाल्यास परत येताना फेडीन, असे वचन दिले. दयेचा हिशेब त्या रात्रीपुरता नव्हता. त्या उतारशाळेच्या मालकाला झोप किती लागली असेल, असा विचार रात्रपाळीच्या आमच्या परिचारिकांच्या मनात येत असेल तर नवल नाही!

आज क्षयावर प्रभावी औषधे आहेत. नेहमीचा क्षय सहा महिन्यांच्या नियमित उपचाराने बरा होतो. अडचण येते ती दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात. खोकला थांबतो, भूक लागते, रुग्ण कामावर जाऊ लागतो आणि गोळ्या सुटतात. मग उलटलेला आजार औषधांना दाद देईनासा होण्याचा धोका असतो. कुष्ठरोगाचेही तसेच, 1980 च्या दशकापासून बहुविध औषधोपचार उपलब्ध आहे, पण रोगाच्या प्रकाराप्रमाणे तो सहा महिने किंवा वर्षभर चालू ठेवावा लागतो. बधिर पावलांची निगा तर आयुष्यभराची. आप्तजनहो, घरी गेल्यावर रुग्णाला रोज विचारणारे कोणी असले, तर आमचे निम्मे काम झाले. रुग्ण चिडेल, तरी विचारावे.

देणगीदारांशीही स्पष्ट बोलतो. इमारतीसाठी, यंत्रासाठी दान मिळते आणि त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. परंतु ड्रेसिंगचा कापूस, रुग्णाचे जेवण, फेरतपासणीला येण्याचे एस.टी.चे भाडे, यांवर कोणाचे नाव कोरता येत नाही. धर्मादाय रुग्णालयांसाठी उच्च न्यायालयाने 2006 मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. कायदा इतके करवून घेतो, ते योग्यच आहे. पण खाट रिकामी झाल्यावर सुरू होणारा खर्च त्या दोन टक्क्यांत बसत नाही.

म्हणून आमची विनंती लहान आहे. एकदाच मोठी रक्कम देण्याऐवजी जमेल तेवढी थोडी रक्कम, पण दरमहा द्यावी. कार्यालयात त्यासाठी वेगळी वही ठेवली आहे. सभा संपल्यावर ती बाहेरच्या टेबलावर असेल.