ज्वारी, मका आणि वजनकाटा

रब्बी ज्वारी परतीच्या पावसाने काळ्या जमिनीत साठवलेल्या ओलीवर पोसली जाते. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथे निवडलेला मालदांडी ३५-१ हा वाण त्यासाठीच नावाजलेला आहे. मक्याला मात्र तुरा आणि कणीस निसवताना पाण्याचा ताण पडला की दाणे भरत नाहीत. या दोन पिकांची तुलना शाळेच्या आवारातही करता येते.

सर्वांना प्रथम सुचणारी रीत म्हणजे दोन्हींचे पाणी एकाच दिवशी तोडायचे आणि आधी कोण कोमेजते ते पाहायचे. ही रीत फसवी आहे. ज्या रोपाची पाने मोठी, ते कुंडीतले पाणी लवकर उपसते. आठव्या दिवशी त्याची माती कोरडी ठणठणीत असते, तर शेजारच्या लहान रोपाखाली अजून ओल असते. तेव्हा आधी कोमेजलेले रोप नाजूकच असेल असे नाही. त्याच्या वाट्याला दुष्काळच अधिक कडक आलेला असतो.

म्हणून या प्रयोगात डोळ्यांपेक्षा वजनकाटा महत्त्वाचा. सर्व कुंड्यांत सारख्याच वजनाची, उन्हात वाळवून चाळलेली माती भरावी. नुसती काळी माती सुकताना भेगाळते आणि पाणी भेगांतून थेट तळाला जाते, म्हणून तिच्यात वाळू मिसळावी. एक कुंडी पुरती भिजवून, झाकून, रात्रभर निथळू द्यावी आणि तोलावी. समजा कोरडी कुंडी ८ किलो आणि निथळलेली १०.५ किलो भरली, तर मातीने अडीच लिटर पाणी धरले. भरपूर पाण्याच्या कुंड्यांत यातील ८० टक्के, म्हणजे २ लिटर पाणी राखायचे; त्यांचे वजन १० किलो. ताणाच्या कुंड्यांत ४० टक्के. त्यांचे ९ किलो. रोज संध्याकाळी तोलून घट तेवढीच भरून काढावी. आता दोन्ही पिकांना दुष्काळ सारखा मिळतो. रोपविरहित कुंडीतील घट वजा केली की रोपाने स्वतः किती पाणी वापरले तेही कळते.

प्रत्येक पिकाच्या प्रत्येक पाणीपातळीला ६, अशा रोपांच्या एकूण २४ कुंड्या पुरतात; रोपविरहित कुंडी त्याखेरीज. प्रत्येक कुंडीत विरळणीनंतर एकच रोप ठेवावे. जागा चिठ्ठ्या टाकून ठरवाव्यात, नाहीतर भिंतीच्या सावलीचे श्रेय ज्वारीला जायचे. पेरणीनंतर ३ आठवडे सर्वांना पुरेसे पाणी द्यावे, मग ताण सुरू करावा.

भर दुपारी पानांची सुरळी होणे हे दुबळेपणाचे लक्षण समजू नये. पाणी वाचवण्याचा तो उपाय आहे. सुरळी सकाळी उलगडते का, याची नोंद अधिक मोलाची. चार आठवड्यांनी रोपे कापून, वाळवून तोलावीत. मक्याचे वजन थेट ज्वारीच्या वजनाशी ताडू नये. प्रत्येक पिकाचे ताणातील वजन त्याच पिकाच्या भरपूर पाण्यातील वजनाच्या किती टक्के भरले, ते पाहावे.

कुंडी एक गोष्ट मात्र लपवते: मुळांची खोली. शेतात ज्वारीची मुळे मीटरभराहून खोल उतरून ओल शोधतात. कुंडीत ती तळाशी गुंडाळली जातात. त्यासाठी दीड मीटर लांबीचे पीव्हीसी पाइप उभे चिरून, तारेने बांधून मातीने भरावेत. शेवटी पाइप उघडून दर वीतभर थरातील माती ओली आणि वाळवून तोलली की कोणत्या पिकाने कुठवरचे पाणी ओढले ते थराथराने दिसते.