सरकारी सेवेतील भेदभाव आणि तक्रारीची मुदत

राज्यघटनेच्या सोळाव्या अनुच्छेदाने धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान किंवा निवासस्थान एवढ्याच कारणावरून सरकारी सेवेत कोणाला डावलण्यास मनाई केली आहे. मात्र हा हक्क डावलला गेला तर तो किती दिवसांत मागायचा, हे घटनेत सांगितलेले नाही. ते निरनिराळ्या कायद्यांच्या निरनिराळ्या कलमांत विखुरलेले आहे आणि कर्मचाऱ्याला त्याची गाठ बहुधा तेव्हाच पडते, जेव्हा समोरच्या पक्षाचा वकील उभा राहून ‘प्रकरण मुदतबाह्य आहे’ असे म्हणतो. भारतात नोकरीतील सर्व प्रकारच्या भेदभावाला एकत्र कवेत घेणारा एकच कायदा नाही. त्यामुळे भेदभाव ज्या आदेशाच्या रूपाने समोर येतो, म्हणजे नाकारलेली पदोन्नती, अवेळी झालेली बदली, गोपनीय अहवालातील शेरा किंवा कमी ठरवलेले वेतन, त्या आदेशालाच आव्हान द्यावे लागते, आणि मुदतही त्या आदेशाच्या प्रकारावर व कर्मचारी कोणाचा नोकर आहे यावर ठरते.

कर्मचारी कोणाचा नोकर, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही, आणि 2024 मध्ये अहिल्यानगर हे नाव मिळालेल्या नगर जिल्ह्यात तर तो विशेष गुंतागुंतीचा आहे. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा असलेला हा चौदा तालुक्यांचा जिल्हा महसुली प्रशासनात नाशिक विभागाला जोडलेला आहे, तर न्यायदानासाठी तो छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठाकडे पाहतो. तलाठी, पोलीस शिपाई, सार्वजनिक बांधकाम विभागातील कनिष्ठ अभियंता किंवा जिल्हा रुग्णालयातील परिचारिका हे राज्य शासनाचे कर्मचारी. त्यांच्या सेवाविषयक तक्रारी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या, म्हणजे बोलीभाषेतल्या ‘मॅट’च्या, छत्रपती संभाजीनगर येथील खंडपीठापुढे जातात. शेजारच्याच इमारतीत बसणारा जिल्हा परिषदेचा कनिष्ठ सहायक, प्राथमिक शिक्षक किंवा ग्रामसेवक यांचा पगारही सरकारी तिजोरीतून येतो, परंतु ते जिल्हा परिषदेच्या सेवेत असल्याने मॅटचे दार त्यांच्यासाठी नाही. शिस्तभंगाच्या आदेशावरचे त्यांचे अपील नाशिकच्या विभागीय आयुक्तांकडे आणि पुढची याचिका उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठात, असा त्यांचा मार्ग आहे. नगरच्या लष्करी वाहन संशोधन संस्थेतील नागरी कर्मचारी केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे जातो. चिलखती दल किंवा यांत्रिक पायदळाच्या केंद्रातील जवानासाठी सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे आणि तेथील मुदत अंतिम आदेशापासून अवघी सहा महिने आहे.

मॅटची स्थापना 1985 च्या प्रशासकीय न्यायाधिकरण अधिनियमाखाली 1991 मध्ये झाली, आणि मुदतीचे गणित त्या अधिनियमाच्या कलम 20 व 21 मध्ये आहे. कलम 20 सांगते की कर्मचाऱ्याने आधी आपल्या सेवानियमांनुसार उपलब्ध असलेले अपील किंवा निवेदन केलेले असावे, कारण न्यायाधिकरण हे सर्वसाधारणपणे पहिले दार नव्हे. त्या अपिलावर अंतिम आदेश झाला, तर आदेशाच्या दिनांकापासून एक वर्षाच्या आत मूळ अर्ज, म्हणजे न्यायाधिकरणापुढचा दावा, दाखल करावा लागतो. आदेशच झाला नाही, तर कायदा सहा महिने वाट पाहायला सांगतो आणि ते सहा महिने संपल्यावर एक वर्ष देतो. हे तारखांत मांडले की स्पष्ट होते: एखाद्या अव्वल कारकुनाने पदोन्नतीत आपल्याला डावलल्याबद्दल 10 जून 2024 रोजी निवेदन दिले आणि कार्यालय गप्प राहिले, तर सहा महिने 10 डिसेंबर 2024 रोजी संपतात आणि दाव्याची मुदत 10 डिसेंबर 2025 रोजी. कार्यालयाचे मौन म्हणजे प्रकरण अजून विचाराधीन आहे, असा समज सर्वत्र आढळतो; कायद्याच्या दृष्टीने मात्र त्या मौनालाही मुदत आहे.

सर्वाधिक नुकसान येथेच होते. सरकारी कार्यालयात स्मरणपत्र पाठवण्याची सवय इतकी मुरलेली आहे की पहिले, दुसरे, तिसरे अशी पत्रे जात राहतात, प्रत्येकावर ‘योग्य मार्गाने’ असा शेरा असतो, प्रत्येकाचा आवक क्रमांक वेगळा असतो आणि प्रत्येक पत्रागणिक आपला हक्क जिवंत राहतो अशी कर्मचाऱ्याची समजूत होते. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने 1989 मध्येच, एस. एस. राठोर विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निकालात, ही समजूत मोडून काढली आहे: सेवानियमांत तरतूद नसलेली निवेदने वारंवार केल्याने मुदत पुढे सरकत नाही. 2008 च्या सी. जेकब प्रकरणात न्यायालयाने एक पाऊल पुढे जाऊन सांगितले की, जुन्या, मेलेल्या दाव्यावर कार्यालयाने उशिरा उत्तर दिले, तरी त्या उत्तराने दाव्यात नवा जीव येत नाही. त्या प्रकरणातील कर्मचाऱ्याची सेवा 1982 मध्ये संपली होती आणि त्याने निवेदन केले ते 2000 मध्ये. हा नियम कठोर आहे, परंतु त्यामागचा विचार समजण्याजोगा आहे. एकाची पदोन्नती मागे घ्यायची तर तिच्या आधारे पुढे गेलेल्या अनेकांची घडी विस्कटते, आणि म्हणूनच ज्येष्ठता यादीला तीन-चार वर्षांनंतर दिलेले आव्हान न्यायालये सहसा ऐकत नाहीत. तात्पुरती ज्येष्ठता यादी प्रसिद्ध होते तेव्हा हरकतींसाठी दिलेले दिवस म्हणूनच मोलाचे असतात. सूचना फलकावर लावलेला तो कागद वाचायचा राहिला, की पुढे वर्षानुवर्षे त्याची किंमत मोजावी लागते.

मुदतीच्या या कठोर नियमाला एक महत्त्वाचा अपवाद आहे. चूक एकदाच घडून थांबत नाही, तर दर महिन्याच्या पगारातून किंवा निवृत्तिवेतनातून पुन्हा घडत राहते, तेव्हा तिला ‘सततचा अन्याय’ म्हणतात आणि अशा प्रकरणात केवळ उशीर झाला म्हणून दार बंद होत नाही. मात्र थकबाकीला मर्यादा येते. तरसेम सिंग या सैनिकाला 1983 मध्ये वैद्यकीय कारणाने सेवा सोडावी लागली आणि अपंगत्व निवृत्तिवेतनासाठी तो 1999 मध्ये न्यायालयात गेला. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा हक्क मान्य केला, पण थकबाकी याचिकेपूर्वीच्या सुमारे तीन वर्षांपुरतीच दिली. ज्या जिल्ह्यात गावोगावी माजी सैनिकांची घरे आहेत, तेथे हा निकाल माहीत असणे अगत्याचे आहे. मुदत टळल्यावरही पुरेसे कारण दाखवून विलंब माफीचा अर्ज करता येतो. गंभीर आजारपण हे कारण ठरू शकते, साहेब चांगले होते म्हणून वाट पाहिली हे सहसा ठरत नाही.

कामाच्या ठिकाणी महिलांच्या होणाऱ्या लैंगिक छळाची तक्रार ही आतापर्यंत पाहिलेल्या तक्रारींत सर्वांत आखूड मुदतीची आणि म्हणून सर्वांत चिंतेची बाब आहे. 2013 च्या अधिनियमानुसार अशी लेखी तक्रार घटनेपासून, आणि घटना वारंवार घडल्या असतील तर शेवटच्या घटनेपासून, तीन महिन्यांत अंतर्गत समितीकडे द्यावी लागते. समिती कारणे नोंदवून आणखी जास्तीत जास्त तीन महिने देऊ शकते. दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या कार्यालयात अशी समिती नसते, आणि तक्रार खुद्द नियोक्त्याविरुद्ध असेल तेव्हाही जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. तीन महिने हे कागदावर पुरेसे दिसतात. पण ज्या अधिकाऱ्याच्या हाती रजा, बदली आणि गोपनीय अहवाल आहे, त्याच्याविरुद्ध तोंड उघडण्याचे बळ गोळा करायला, घरच्यांना सांगायला आणि सहकाऱ्यांपैकी कोण साक्षीला उभे राहील हे चाचपायला तीन महिने अपुरे पडतात, आणि दूरच्या तालुक्यातल्या चार माणसांच्या कार्यालयात तर नक्कीच. 12 सप्टेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कोलकात्यातील एका विधी विद्यापीठातील प्रकरणात शेवटची घटना एप्रिल 2023 मधील आणि तक्रार डिसेंबर 2023 मधील असल्याने ती मुदतबाह्य ठरवली. ही मुदत एक वर्ष करावी, यासाठी राज्यसभेत 2024 मध्ये खासगी विधेयक आले होते. ती मागणी रास्त आहे, आणि कायदा बदलेपर्यंत कार्यालयांनी निदान समितीच्या सदस्यांची नावे आणि ही तीन महिन्यांची अट ठळक अक्षरांत भिंतीवर लावली पाहिजे. तक्रार लिहिता येत नसेल तर समितीच्या सदस्यांनी ती लिहून देण्यास साहाय्य करायचे असते, हेही त्याच कायद्यात आहे.

दिव्यांग कर्मचाऱ्यांच्या बाबतीत कायद्याने घड्याळ कार्यालयाच्या दिशेने फिरवले आहे, आणि हे अनुकरणीय आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क अधिनियमानुसार प्रत्येक सरकारी आस्थापनेने तक्रार निवारण अधिकारी नेमायचा असतो, त्याने तक्रारींची नोंदवही ठेवायची असते आणि नोंद झाल्यापासून दोन आठवड्यांत चौकशी करायची असते. समाधान झाले नाही तर जिल्हास्तरीय समितीकडे जाता येते.

एस. टी. महामंडळाचा वाहक किंवा चालक वेगळ्याच वाटेने जातो. 1 जून 1948 रोजी राज्य परिवहनाची पहिली बस पुणे ते अहमदनगर धावली, त्यामुळे या सेवेचे आणि जिल्ह्याचे नाते जुने आहे. गुणवत्ता न पाहता एका गटातील कामगारांवर मेहेरनजर करणे हे 1971 च्या राज्य कायद्याने अनुचित कामगार प्रथा ठरवले आहे आणि त्याची तक्रार 90 दिवसांत करावी लागते. अमेरिकेतील केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला भेदभावाच्या घटनेपासून 45 दिवसांत आपल्या खात्यातील समुपदेशकाकडे जावे लागते. आखूड मुदतीचे दुखणे केवळ इकडचे नाही. फरक असा की तेथे ही मुदत त्या सेवेतील सर्वांना एकच आहे, आणि येथे एकाच रस्त्यावरच्या चार कार्यालयांत ती चार प्रकारची आहे.

अशा स्थितीत कर्मचाऱ्याच्या हातात उरते ते पोच घेतलेल्या अर्जाचे कागद. आवक शाखेतील टेबलावर अर्ज ठेवून निघून येणे आणि त्याच्या दुसऱ्या प्रतीवर दिनांकासह गोल शिक्का व सही घेणे, यांत क्षणभराचा फरक असतो, आणि एक वर्ष कोठून मोजायचे हा वाद उद्भवला तर तोच शिक्का कामी येतो. शिक्का घेतला नसेल, तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचे शुल्क भरून आवक-जावक नोंदवहीतील त्या नोंदीची प्रत मागता येते आणि कार्यालयाला ती सर्वसाधारणपणे 30 दिवसांत द्यावी लागते. या अधिकारासाठीचा महाराष्ट्रातला लढा याच जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धीतून उभा राहिला. श्रोत्यांपैकी ज्यांचे एखादे निवेदन कार्यालयात पडून आहे, त्यांनी आजच त्यावरील पोचेचा दिनांक पाहावा, सहा महिने आणि त्यापुढचे एक वर्ष मोजावे, आणि दिवस उरले असतील तर चौथे स्मरणपत्र लिहिण्याऐवजी वकिलाकडे किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे.